चौथं ओतकाम जमलं: मेक्सिकोचं तळं, २०१५

मंडळी, जमलं: पारदर्शक रेझिनच्या ठोकळ्यात तळ्यात बुडणाऱ्या रॅलीच्या गाडीचं मॉडेल, चोवीसाव्या हिश्शाचं. काल रात्री साडेअकराला साचा सोडवला. तळाचा गाळ स्वच्छ दिसतोय, पुढच्या चाकाचा रिम दिसतोय आणि सगळ्या ठोकळ्यात बुडबुडा एकही नाही. बराच वेळ दिव्याखाली फिरवून फिरवून बघत बसलो. तीन फसलेल्या ओतकामांनंतर हा ठोकळा हातात आलाय, त्यामुळे आज सविस्तर लिहितो.

बाकीच्या शेल्फची स्थिती आधी दोन ओळींत. एस्टोनियाचा रॅलीचालक मार्को मॅर्टिन याची २००३ ची फोर्ड फोकस पूर्ण झाली, बॉनेट उघडंच ठेवलंय. ग्रीसच्या अ‍ॅक्रोपोलिस रॅलीला ते उडून समोरच्या काचेवर आलं होतं आणि फटीतून बघत गाडी हाकूनही मॅर्टिन ती रॅली जिंकला. ते बॉनेट बंद करायला माझा हात धजला नाही. त्याच देशाच्या ओट टॅनाकची २०११ ची फोर्ड फिएस्टा एस२००० पॉलिशिंगला आहे. त्यानंतरची म्हणजे ही, २०१५ ची फिएस्टा आरएस, आणि गेले अडीच महिने सगळा वेळ हिनेच खाल्ला.

प्रसंग तुम्हाला पाठ आहे. मेक्सिकोच्या रॅलीतली तिसरी स्टेज (वेळ मोजला जातो तो टप्पा), गाडी रस्ता सोडून उतारावरून थेट तळ्यात. टॅनाक आणि सहचालक राइगो मोल्डर पोहून बाहेर आले आणि गाडी त्यांच्या मागे बुडाली. ती बाहेर काढली गेली, सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या तळावर, मेकॅनिकांना तीन तास मिळाले आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा स्टेजवर उभी. शेवटी बाविसावा क्रमांक. ‘टायटॅनाक’ हे नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. माझ्या मते त्याच्या बावीस विजयांइतकाच हा बाविसावा क्रमांक शेल्फवर असायला हवा.

मला हवा होता तो क्षण असा: दोघं बाहेर पडलेत, गाडी खाली चाललीय, पाण्यावर फक्त छप्पर आणि मागचा विंग. चाकं तळाला टेकलेली नाहीत. गाडी अधांतरी राहावी म्हणून खाली दोन पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या कांड्या दिल्या. रेझिनमध्ये त्या जवळजवळ नाहीशा होतात, ही युक्ती जरूर करून बघा.

पहिलं ओतकाम घाईनं फसलं. चार सेंटीमीटर एकदम ओतलं. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते, आणि थर जाड असला की ती बाहेर पडायला वाव मिळत नाही. वीस मिनिटांत साच्याला हात लावता येईना. पुढचा बंपर मेणासारखा ओघळला आणि ठोकळ्याला मधोमध तडा गेला. एक गाडी तिथेच गेली.

दुसऱ्या वेळी आठ मिलिमीटरचे थर घेतले. उष्णता आटोक्यात आली, पण प्रत्येक थरावर दुधाळ, चिकट साय धरायला लागली. हा आपल्या पावसाळ्याचा प्रसाद. खोलीत आर्द्रता ८५ टक्के होती आणि मी खिडकी उघडी ठेवून काम करत होतो. तेव्हापासून जुन्या लाकडी कपाटात साठ वॅटचा बल्ब, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक हायग्रोमीटर. आर्द्रता पन्नासच्या आसपास राहते. जुलै-ऑगस्टमध्ये रेझिन किंवा लॅकर करणाऱ्या प्रत्येकानं असं कपाट करावं. फार खर्च नाही.

तिसऱ्याला मात्र मी खरा हरलो होतो. थर स्वच्छ, साय नाही, तडा नाही, पण गाडीतून बुडबुडे. ओतल्यावर तासाभराने दाराच्या फटीतून एक मणी निघायचा, वर येईपर्यंत रेझिन घट्ट होत आलेलं असायचं आणि तो मधेच अडकायचा. मग दुसरा, मग चाकाच्या कमानीतून तिसरा. फटी सुपरग्लूनं बुजवल्या, वरून क्लिअर कोट दिला. हवा तरी कुठून तरी वाट काढायचीच. हेअर ड्रायर फिरवला तर वरचे फुटायचे, खोलातले तसेच. बाटल्या कोमट पाण्यात ठेवून रेझिन पातळ केलं, तर उलट ते फटींत जास्त शिरलं आणि आतली हवा जास्त बाहेर आली.

त्या रात्री ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ, पुन्हा लावला. गाडी पाण्यात पडल्यावर लगेच पाणी आत यायला लागतं. तेवढंच चार-पाच वेळा बघितलं तेव्हा लक्षात आलं की मी उलटं काम करतोय. खऱ्या गाडीत पाणी भरतं म्हणूनच ती बुडते. मी मात्र हवेनं भरलेली बंद डबी पाण्यात दाबून धरतोय आणि तिनं श्वास सोडू नये म्हणून फटी बुजवतोय. गाडीत पाणी आधी भरायला हवं होतं.

आता भरायचं कसं, हा प्रश्न. बॉडी चेसिसवर चिकटलेली, आत रोल केज (चालकाभोवतीचा संरक्षक पाइपांचा सांगाडा), सीटा, सगळं बसवून झालेलं. उत्तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मिळालं. आईनं तेलाचा पंधरा किलोचा डबा काढला आणि खिळ्यानं एका कोपऱ्यात भोक पाडलं, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं. आयुष्यभर बघतोय हे. एकाच भोकातून तेल गचके खात येतं; दुसरं पाडलं की हवेला वाट मिळते आणि धार सरळ लागते.

गाडी उलटी केली. चेसिसला मागच्या एक्सलजवळ चार मिलिमीटरचं एक भोक, बॉनेटच्या पोकळीखाली दुसरं, आणि दोन्ही पोकळ्या जोडायला डॅशबोर्डमागे एक अरुंद वाट. दाराच्या फटींवर बाहेरून तामियाची मास्किंग टेप. केमिस्टकडून आणलेल्या वीस मिलीच्या सिरिंजनं मागच्या भोकातून रेझिन हळूहळू सोडलं, पुढचं भोक थोडं उंच धरून. पुढून हवा निघताना बारीक फुसफुस ऐकू येत होती. एका दमात भरलं नाही, पहिल्या वेळचा धडा लक्षात होता. तीन हप्त्यांत भरलं, मधे सहा-सहा तास. तिसऱ्या हप्त्याला पुढच्या भोकातून रेझिनचा थेंब वर आला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

मग टेप काढली, गाडी सरळ करून कांड्यांवर बसवली आणि बाहेरचे अकरा थर बारा दिवसांत ओतले. साच्याच्या भिंतींना आतून पॅकिंगची चिकटपट्टी लावली होती. तिला रेझिन धरत नाही, त्यामुळे भिंती अलगद सुटल्या. रंगासाठी पारदर्शक तपकिरीचे दोन थेंब आणि हिरव्याचा एक, तेही फक्त खालच्या पाच थरांना. वर तसंच स्वच्छ ठेवलं, म्हणजे नजर खाली जाईल तसा गढूळपणा वाढतो. आतली सीटही आता त्याच गढूळ पाण्यात दिसते, आणि सगळ्या मॉडेलमध्ये मला तेच सर्वांत जास्त आवडलंय.

साहित्याबद्दल थोडं. बेलकिट्स कंपनीच्या फिएस्टा किटचं मोल्डिंग सुरेख आहे, रोल केजची बसणूक तर विशेष. मला बाहेरून वेगळे मागवलेले डिकल, म्हणजे पाण्यानं चिकटवायची नावं-चिन्हं, मात्र नडले. ज्या दुकानाकडून मागवले त्याचं नाव घेत नाही, पण शीटवर चालकाचं आडनाव साध्या रोमन ए-नं छापलेलं आलं, वरचे दोन ठिपके गायब. कुणी म्हणेल, चोवीसाव्या हिश्शाच्या मॉडेलवर ते कुणाला दिसणार? मला दिसतात. आपण ‘टॅनाक’ लिहिताना जो अर्धचंद्र देतो, तेच काम तिकडे ते ठिपके करतात. अर्धचंद्र काढला की ‘टनाक’ उरतं, आणि ते त्याचं नाव नाही. मॅर्टिनचंही तसंच, टॅनाकचा नंतरचा सहचालक मार्टिन यॅर्वेओयाचंही तसंच. शेवटी शिवणाच्या सुईचं टोक पांढऱ्या इनॅमलमध्ये बुडवून चष्म्यावर भिंग लावून दोन्ही ठिपके दिले. चौथ्या प्रयत्नाला सारखे आले. डिकलखाली चंदेरी हवा राहू नये म्हणून आधी ग्लॉस कोट, मग मायक्रो सेट, मग मायक्रो सोल (डिकल मऊ करून बसवणारी द्रावणं), याच क्रमानं. घाई केलेली दिसतेच.

आता पुढचा बेत. मागच्या वेळी लिहिलं होतं की यानंतर थेट टॅनाकची २०१९ ची टोयोटा यारिस घेणार, आठ नंबरची, स्पेनच्या कॅटलुन्या रॅलीला विश्वविजेतेपद नक्की झालं ती. २००४ ते २०१८ अशी पंधरा वर्षं लोएब आणि ओजिए या दोन फ्रेंच नावांपलीकडे किताब गेला नव्हता, तो एस्टोनियातल्या सारेमा बेटावरच्या या माणसानं नेला. ती गाडी करणारच. पण वरचं लिहिताना त्याच्या निकालांचा तक्ता शेजारी उघडा होता आणि त्यात एकच नाव सारखं समोर येत होतं: सार्डिनिया, इटलीचं बेट आणि तिथली रॅली.

बघा ना. २०१२, पहिला पोडियम (पहिल्या तिघांत जागा), सार्डिनिया. त्याच वर्षाच्या अखेरीस एम-स्पोर्ट या फोर्डच्या गाड्या उतरवणाऱ्या संघातली जागा गेली. २०१७, पहिला विजय, पुन्हा सार्डिनिया. २०१९ ला शेवटच्या स्टेजला निघताना २६ सेकंदांहून जास्त आघाडी होती, पॉवर स्टीअरिंग गेलं, पाचव्या क्रमांकावर घसरला आणि दानी सोर्दो जिंकला. २०२२ ला ह्युंदाईतून विजय. २०२४ ला शेवटच्या स्टेजवर ओजिएचं टायर गेलं आणि टॅनाक जिंकला तो ०.२ सेकंदांनी, जागतिक मालिकेत याहून कमी फरकानं कुणीच जिंकलेलं नाही. एका बेटावर बारा वर्षांत मिळालेलं आणि गेलेलं सगळं आहे. २०२५ च्या अखेरीस त्यानं पूर्णवेळ रॅलीतून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ही यादी आता बहुधा बदलायची नाही.

म्हणून बेत बदलतोय. एक लांब फळी, त्या बेटाचा फिकट वाळूचा रस्ता सलग, आणि त्यावर पाच गाड्या: फिएस्टा आरएस, २०१७ ची फिएस्टा, यारिस, आणि ह्युंदाईच्या दोन आय-२० रॅली१. यारिसची पुढची चाकं वळवून ठेवणार, स्टीअरिंग जड झाल्यावर ती जशी धड वळत नव्हती तशी, कमी कोनात. कॅटलुन्याची यारिस नंतर वेगळी. दोन यारिस लागतील, हरकत नाही. मॅर्टिनची फोकस मात्र या फळीवर येणार नाही, ती भिंतीवर जाईल. २००३ च्या फिनलंडला मॅर्टिननं ओउनिनपोहया या स्टेजवर ५७ मीटर उडी घेतली होती, ताशी १७१ किलोमीटरनं. आपल्या मापात ती होते दोन मीटर साडेसदतीस सेंटीमीटर. काल टेप धरून बघितली, दिवाणखान्याची लांब भिंत बरोबर पुरते.

२०२२ आणि २०२४ च्या आय-२० साठी चाकांच्या कमानींचे जवळून घेतलेले फोटो कुणाकडे असतील तर हवे आहेत, विशेषतः खालून. तिथल्या सार्डिनियाच्या धुळीचा थर कसा बसतो ते बघायचंय.

तळ्याचं एक काम अजून बाकी आहे, पाण्याचा पृष्ठभाग. आत्ता तो आरशासारखा सपाट आहे आणि गाडी बुडताना तसा असणं शक्य नाही. ग्लॉस जेल आणलंय, कडक केसांचा ब्रश आहे. छपराभोवती लाटांची वर्तुळं कशी सुटतात ते आज रात्री पुन्हा क्लिप अर्ध्या वेगानं लावून कागदावर काढून घेणार, आणि मगच ठोकळ्याला हात लावणार.