कपाटाचं दार

माझ्या कपाटाचं एक दार नीट लागत नाही. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि बोटभर फट राहून जाते. परवा ती फट दिसली आणि लहानपणी वाचलेली ल्यूसी आठवली. सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या कादंबरीतली ही मुलगी कपाट उघडते, तेव्हा आधी डांबराच्या दोन गोळ्या टपकतात. आत कोटांमागे कोट. हात पुढे करत ती चालत राहते, पण कपाटाची पाठ काही लागत नाही. पायाखाली काहीतरी करकरतं. तिला वाटतं, आणखी डांबराच्या गोळ्या. वाकून चाचपते, तर बर्फ!

दुसऱ्या जगात नेणाऱ्या कादंबऱ्यांत मला भुरळ पडते ती इथे. पलीकडचे राजे, राक्षस, लढाया ठीक आहेत. माझा जीव या डांबराच्या गोळ्यांवर. त्या घरच्या असल्या की बर्फही खरा वाटतो. नाहीतर निळा प्रकाश चमकतो, भोवरा फिरतो आणि नायक धाडकन पलीकडे. कसा गेला, याचं कुणाला काही नाही. (लेखकालाच घाई असावी.)

‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ॲलिसला मुळीच घाई नव्हती. १८६५ साली ती सशाच्या बिळात पडली ती इतकी सावकाश, की पडता पडता भिंतीतली कपाटं न्याहाळत होती. एका फळीवरची मार्मलेडची बरणी तिने उचलली. रिकामी निघाली. टाकून द्यावी तर खाली कुणाच्या तरी डोक्यात बसायची, म्हणून वाटेतल्या दुसऱ्या कपाटात ठेवून दिली! स्वतः कुठे आदळणार याचा पत्ता नाही, आणि काळजी खालच्याच्या डोक्याची.

नॉर्टन जस्टर यांच्या १९६१च्या कादंबरीतला मायलो हा मुलगा तर घरी आलेल्या खोक्यातून टोलनाका काढून जोडतो आणि खेळण्यातल्या गाडीत बसून निघतो. परतल्यावर त्याला वाटतं, कित्येक आठवडे गेले. घड्याळात झालेला असतो एक तास. एवढी रजा मलाही परवडेल.

ल्यूसी आत शिरताना दार उघडंच ठेवते. कपाटात स्वतःला कोंडून घेणं हा शुद्ध मूर्खपणा, हे लुईस पुन्हा पुन्हा बजावतात. वाचून पोरं कपाटात शिरणार, हे त्यांनी ओळखलं असणार. मी शिरले होते. पाठ लगेच लागली, शिंकाही आल्या.

सुताराला त्या दाराचं सांगायचं अजून राहिलंय.