बाण हिरवा होता, तरी चलान आलं

घोडबंदर रोडवरच्या एका नाक्यावर डावीकडे वळले म्हणून मला सिग्नल तोडल्याचं ई-चलान आलं. वळताना डावीकडचा बाण हिरवा होता. चलान शेवटी रद्द झालं, पण त्यापायी झालेला मनस्ताप अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी नियम, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ असतो. आपल्याकडे लाल दिव्याला डावीकडे वळायची सरसकट मुभा नाही. 'फ्री लेफ्ट'ची पाटी असेल किंवा डावा बाण हिरवा असेल तरच वळायचं, आणि तेव्हाही झेब्रावरचा माणूस आधी जाऊ द्यायचा. नाहीतर स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपलं डावं वळण ते त्यांचं उजवं. लाल दिव्याला गाडी पूर्ण थांबवायची, कोणी येत नाही ना बघायचं आणि उजवीकडे वळायचं. मनाईची पाटी असेल तरच थांबून राहायचं. १९७० च्या दशकात तेलाची टंचाई झाली तेव्हा इंधन वाचवायला ही सवलत अमेरिकाभर पसरली. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात मात्र परवानगीची पाटी असल्याशिवाय वळता येत नाही. आपलंही तसंच. तिकडून सुट्टीला आलेल्यांनी इथे गाडी हातात घेताना हे लक्षात ठेवावं.

मेसेज आल्यावर राज्याच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकले, फोटो उघडला. माझीच स्कूटर, नंबर स्वच्छ दिसतोय, वर लाल दिवा. आणि त्या दिव्याखाली जिथे बाण असतो, बरोबर तिथे गुलमोहराची फांदी आडवी आलेली. फोटो मोठा करकरून पाहिला. पानांच्या फटीतून हिरवट काहीतरी दिसत होतं, पण ते पान की दिवा, हे मलाही छातीठोकपणे सांगता येईना.

ऑनलाइन तक्रार केली. उत्तर एका ओळीचं: फोटोत लाल दिवा स्पष्ट दिसतो, चलान योग्य आहे. लाल दिवा दिसतो हे मीही नाकारत नव्हते! माझं म्हणणं बाणाबद्दल होतं, आणि उत्तरात बाणाचा उल्लेखच नव्हता.

मग ऑफिस गाठलं. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पाचशे रुपयांसाठी कशाला फेऱ्या मारताय? भरून टाका ना." मी म्हटलं, "साहेब, पैशांचा प्रश्न नाही. मी सिग्नल तोडलेलाच नाही." त्यावर, "सगळे असंच म्हणतात." साहेब राउंडला, साहेब मीटिंगला, साहेब बंदोबस्ताला. कधी खिडकी बदलली, कधी माणूस बदलला, आणि दर वेळी मी सुरुवातीपासून सगळं सांगायचं. घरीसुद्धा हेच, "सोड ना आता." पण भरलं की कबूल केल्यासारखंच होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० पर्यंत दंड, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत. न केलेल्या गुन्ह्याची पहिली वेळ मी का म्हणून नावावर लावून घेऊ? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं हे कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. असला शिक्का मला नको होता.

काम झालं ते व्हिडिओमुळे. चलानावर जी वेळ होती त्याच वेळी नाक्यावर गेले, फुटपाथवर उभी राहिले आणि मोबाइलवर सिग्नलची पूर्ण फेरी न थांबवता रेकॉर्ड केली. समोरचा लाल आणि डावा बाण हिरवा, दोन्ही एकत्र लागतात हे त्यात स्वच्छ आलं. त्याचं कारणही साधं आहे: डावीकडच्या रस्त्यावरच्या गाड्या तेव्हा उजवीकडे वळत असतात, आपल्या वळणाला कोणी आडवं येत नाही. फोटो जिथून काढला होता तिथूनही एक फोटो घेतला, फांदी बाण कशी झाकते ते दाखवायला.

सोबत एका पानाचा अर्ज दिला. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो हवा आणि चलान निकाली निघेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायला हवं, असं त्यात आहे. तेच लिहिलं आणि मूळ रेकॉर्ड बघा अशी मागणी केली. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका; शिक्का बघितल्यावर समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवलंय.

अखेर एका अधिकारी बाईंनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." पुढे काही दिवसांनी साइटवरून चलान गेलं. पायऱ्या उतरताना मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

एक सांगायचं राहिलंच. चलानाच्या मेसेजमध्ये एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) डाउनलोड करा असं असेल तर तो फसवणुकीचा मेसेज आहे, हात लावू नका. सरकारी साइटवर स्वतः जाऊन नंबर टाका. आणि फोटोचा स्क्रीनशॉट तक्रार करायच्या आधीच काढून ठेवा.