पेप्सिनोजेन नॉर्मल आलं तरी

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, जास्त करून शुगर, सीबीसी, मलेरिया हेच चालतं, पण नागपूरचे एक गॅस्ट्रोचे डॉक्टर इथे एंडोस्कोपीला येतात आणि त्यांचे बायोप्सीचे तुकडे माझ्याकडे येतात. ही केस त्यातलीच.

काकाजी साठीच्या पुढचे, कोरडवाहू पराटी (कापूस) आणि तूर, तोंडात तंबाखूचा खर्रा. सोबत मुलगा. मुलाने मोबाइलवर रिपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला, नागपुरात पॅकेज केलं होतं, पेप्सिनोजेन १ (जठरात बनणारं, पचनाच्या रसाचं कच्चं रूप, रक्तात मोजतात) नॉर्मल, पेप्सिनोजेन १ ला २ ने भागून येतो तो रेशोपण तीनच्या वर, म्हणजे पोटाचं सगळं ठीक आहे ना मॅडम, मग दुर्बीण कशाला घालायची? प्रश्न चुकीचा नव्हता. काकाजींच्या मोठ्या भावाला जठराचा कॅन्सर झाला होता आणि कळलं तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं, म्हणून तर बिचाऱ्याने खर्च करून टेस्ट केली.

मी विचारलं, काकाजी ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? "हाव, मेडिकलवाला देते ना. रोज सकाळी एक. लय वर्सं झाले." रिपोर्ट काढला तेव्हापण चालूच होती. आता गंमत अशी की पँटोप्रॅझोल किंवा तसली गोळी चालू असली की रक्तातलं पेप्सिनोजेन फुगतं. जपानमधे याच टेस्टवरून लोकांचे धोक्याप्रमाणे गट पाडतात, तिथे ही गोळी घेणाऱ्याला त्यातून वगळतात. आपल्याकडे पॅकेजच्या फॉर्मवर साधा कॉलमपण नसतो, गोळी चालू आहे का म्हणून.

दुसरी गोष्ट मुलाला कागदावर पोटाचं चित्र काढून सांगितली. पेप्सिनोजेन १ बनतं जठराच्या वरच्या-मधल्या भागात म्हणजे कॉर्पसमधे, पेप्सिनोजेन २ जवळजवळ सगळीकडे. कॉर्पसच्या ग्रंथी झिजल्या की १ खाली येतं, २ तेवढं पडत नाही, म्हणून रेशो घसरतो. पेप्सिनोजेन १ साधारण ७० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आणि रेशो ३ च्या खाली असेल तर ॲट्रोफीचा, म्हणजे या झिजेचा संशय. पण बिघाड खालच्या टोकाला, अँट्रममधेच जास्त असेल तर ही टेस्ट गप्प बसते, गोळी असो वा नसो. काकाजी ऐकत होते, म्हणाले, "म्हंजे पानं हिरवी दिसली तरी बोंडात गुलाबी अळी रायते तसंच ना? बोंड फोडून पाहा लागते." मी म्हटलं हो, अगदी तेच. दुर्बिणीला तयार झाले.

गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन करून एकच आग्रह धरला की तुकडे एका बाटलीत कोंबू नका. दोन अँट्रमचे, एक इन्सिसुराचा म्हणजे दोन्हींमधल्या वळणाचा, दोन कॉर्पसचे, बाटल्या वेगळ्या. हे बोअरिंग वाटतं पण नाहीतर कुठला तुकडा कुठला हे कळत नाही आणि स्टेजच काढता येत नाही. दोन-तीन मिलिमीटरचे पांढुरके कण ते, फॉर्मॅलिनमधे तळाला बसलेले. त्यात आमच्याकडे लाइन गेली, टिश्यू प्रोसेसर बंद, रात्री इन्व्हर्टरवर ओढलं कसंबसं.

नेहमीच्या रंगात पाहिलं तेव्हाच शंका आली, ॲल्शन ब्लू हा खास रंग केला तर अँट्रमचं अख्खं फील्ड निळ्या गॉब्लेट पेशींनी भरलेलं. जठरात आतड्याच्या पेशी, म्हणजे इंटेस्टायनल मेटाप्लासिया. आणि पेशींतले म्युकसचे थेंब लहानमोठे, आतड्याच्या पेशींना असते ती ब्रशसारखी कड (ब्रश बॉर्डर) नाही, म्हणजे इनकम्प्लीट प्रकार, जो जास्त वाईट. कॉर्पसमधेपण थोडं सापडलं, ओल्गिम स्टेज ३ (ही कॅन्सरची स्टेज नाही, मेटाप्लासिया किती आणि कुठवर आहे याची ० ते ४ अशी मोजणी). एच. पायलोरी, म्हणजे जठरात राहणारे जंतू, ग्रंथींच्या तोंडाशी दिसतच होते. डिस्प्लासिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पेशींची बिघडलेली ठेवण, मात्र कुठेच नाही, पाचही तुकडे पुन्हा पुन्हा पाहिले.

कोलंबियाचे पेलायो कोरिया यांनी हा जिना मांडून ठेवलाय, सूज, झीज, मेटाप्लासिया, डिस्प्लासिया, मग कॅन्सर. पण बहुतेक लोक मधल्याच पायरीवर जन्म काढतात, हे मुलाला सांगणं जास्त गरजेचं होतं कारण तो रडवेला झाला होता. नेदरलँड्समधे २००८ ला देशभरातल्या नोंदींवरून आकडे आले होते, मेटाप्लासियावाल्यांत वर्षाला साधारण ०.२५ टक्के लोकांना कॅन्सर, म्हणजे चारशेत एक. काकाजींचं त्यापेक्षा जास्त धरायला हवं, सख्खा भाऊ गेलाय, प्रकार इनकम्प्लीट, वरून तंबाखू. नेमका याच माणसाला होईल का हे सांगणारा मार्कर, म्हणजे तपासता येणारी खूण, आहे का? डीएनए मिथायलेशन, मायक्रोआरएनए अशा जनुकांशी संबंधित खुणांवर काम चाललंय, पण मी तालुक्याला बसून रिपोर्टवर लिहावं असं त्यातलं काही नाही. माझ्या मते आज सगळ्यात भरवशाचा मार्कर म्हणजे नीट घेतलेले पाच तुकडे आणि घरात कोणाला झालं होतं हा प्रश्न.

एच. पायलोरीचा कोर्स दिला, गेला की नाही ते संपल्यावर महिन्याने तपासायचं ठरलं. दुर्बीण एरवी दर तीन वर्षांनी सांगतात, सख्ख्या नात्यात कॅन्सर असेल तर वर्ष-दोन वर्षांनी, म्हणून पुढची पुढच्या वर्षीच. खर्रा सोडा म्हटलं तर काकाजी नुसते हसले.

जाताना मुलगा म्हणाला, धाकट्या काकालेपण आणतो मॅडम, त्याले बी जळजळ होते. मी म्हटलं आण, पण डॉक्टरला विचारून दोन आठवडे आधी त्याची गोळी बंद कर, नाहीतर जंतू असूनही एच. पायलोरीची टेस्ट निगेटिव्ह येईल, आणि अँटिबायोटिक घेतलं असेल तर महिनाभर थांब.