चुंबकाला चिकटलेला रुपया

अमळनेरला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी गळ्यातले मोठे हार तयार करते आणि हेच काम शिकायला येणाऱ्या बायकांचा एक छोटा वर्गही तिथेच घेते. साध्या सुती साडीवर किंवा एकरंगी कुर्त्यावर दुसरा कोणताही दागिना नसताना एकटाच उठून दिसणारा भरदार हार, ज्याला हल्ली सगळे ‘स्टेटमेंट नेकलेस’ म्हणतात, तो घरी बनवता यावा ही या बायकांची इच्छा असते. शिकायला येणारीचे लक्ष प्रथम रंगांकडे आणि लोलकांकडे जाते. मी मात्र पहिल्या दिवशी वजनकाटा पुढे ठेवते, कारण असा हार आधी स्वतःचे वजन पेलणारा असला पाहिजे, आणि ते गणित बसले की त्याचे रूपही पुष्कळसे त्यातूनच ठरते.

आखाजी जवळ आली होती. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, त्यामुळे त्या आधीचे दिवस माझ्यासाठी सर्वांत धावपळीचे असतात. भर दुपारी पारोळ्याकडच्या एका खेड्यातून साठीच्या पुढच्या एक मावशी आल्या. त्यांनी पदराखालून फडक्याची पुरचुंडी काढली, ती टेबलावर सोडली आणि म्हणाल्या, “माय, हाई मन्ही सासूनी माळ शे.” माळ म्हणजे खरे तर तुटलेला, तेलकट झालेला काळा दोरा आणि वर कडी झाळलेले, म्हणजे धातू वितळवून जोडलेले, पंधरा जुने रुपये. मावशींची लेक पुण्याला नोकरी करते. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती येणार होती आणि आजीची ही माळ तिला आपल्या पद्धतीने घालायची होती. तिने आईच्या मोबाइलवर एक चित्र पाठवले होते. त्यात प्रत्येक नाण्याला दोन भोके पाडून नाणी कड्यांनी एकमेकांत अडकवली होती.

भोके पाडायला मी तिथल्या तिथे नकार दिला. नाण्याला भोक पाडले की चांदी जाते, कडेचा छाप जातो आणि पुढे कुणाला ती माळ पुन्हा जुन्या रीतीने ओवायची झाली तर तो मार्ग बंद होतो. शिवाय कडी आधीच होती. ज्या सोनाराने ती झाळली होती त्याने तिचे भोक आडवे ठेवले होते, म्हणजे दोरा त्यातून गेला की नाणे आपोआप समोर तोंड करून राहते. इतका विचार करून केलेल्या कामावर गिरमिट चालवणे मला पटणारे नव्हते.

वर्गातल्या बायका तिथेच होत्या, म्हणून मी त्यांना नाणी वेगळी करायला बसवले. चार राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची निघाली, दोन सातव्या एडवर्डची आणि सात पाचव्या जॉर्जची. उरलेल्या दोहोंवर सहावा जॉर्ज होता, एकावर १९४२ साल आणि दुसऱ्यावर १९४७. इंग्रजी अमलातला हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा असे, आणि १९४० पूर्वीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असे. आमची नाणी वापराने झिजून काट्यावर थोडी कमी भरली. पंधरांचे मिळून पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजन होते, आणि मणी धरले की हार २०० ग्रॅमच्या पुढे जाणार हे दिसत होते.

खाली पडलेल्या सुया आणि बारीक कड्या उचलण्यासाठी माझ्या टेबलावर एक चुंबक नेहमी असतो. एका मुलीने तो सहज नाण्यांवरून फिरवला आणि एक रुपया टक्कन त्याला चिकटला. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे सर्वांना माहीत असते. मावशींचा चेहरा पाहता पाहता बदलला. “हाऊ रुपया मन्ही सासूना नही,” त्या म्हणाल्या, आणि मग सगळे बाहेर आले. सासू वारल्यावर ती माळ बराच काळ थोरल्या जावेकडे होती. वाटणीवरून दोन्ही घरांत आधीच अबोला होता. आता जावेने चांदीचा रुपया काढून खोटा घातला, यात त्यांना काही संशय उरला नव्हता. त्या फोन काढून तिथूनच लेकाशी बोलायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवले आणि आधी रुपया नीट पाहू द्या, अशी विनंती केली.

तो रुपया १९४७ सालचा होता. एका बाजूला राजाचे मुंडके आणि दुसऱ्या बाजूला वाघ. तो खोटा नव्हता, सरकारी टांकसाळीतलाच होता, पण चांदीचा नव्हता, कारण त्या साली रुपयाच निकेलचा निघाला. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. आमच्या ढिगातला १९४२ चा रुपया त्याच काळातला. सरकारने अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी युद्धानंतर परत करायची होती, म्हणून पुढे नाण्यातली चांदी पूर्णच गेली. निकेलचा रुपयाही वजनाला ११.६६ ग्रॅमच असल्याने हातात घेऊन किंवा काट्यावर ठेवून फरक कळत नाही, आणि निकेल चुंबकाला चिकटते.

एवढ्याने मावशींचे समाधान होण्यासारखे नव्हते, कारण खरा असला तरी तो रुपया नंतर घातलेला असू शकतो, ही शंका रास्त होती. म्हणून मी भिंग घेऊन सगळ्या कड्या एकेक करून पाहिल्या. दोरा जिथे वर्षानुवर्षे घासतो तिथे, कडीच्या आतल्या वरच्या बाजूला, चांदी झिजून खोलगट होते. पंधराही कड्यांना ती झीज होती. निकेलच्या रुपयाची कडी शेजारच्या दोन नाण्यांच्या कड्यांइतकीच पातळ झाली होती, झाळण्याची पद्धत तीच होती आणि झाळलेल्या सांध्यात त्याच काळ्या दोऱ्याचे तंतू तेलासह घट्ट बसलेले होते. तो रुपया त्या माळेत इतर रुपयांबरोबरच म्हातारा झाला होता. भिंग मी मावशींच्या हातात दिले. त्यांनी तीन-चार कड्या स्वतः पाहिल्या, पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की सासूबाई कापसाच्या हंगामात हाती आलेला एखादा रुपया बाजूला ठेवायच्या, तो चांदीचा की कशाचा हे विचारायला त्या कुणाकडे जाणार होत्या! फोन त्यांनी पिशवीत ठेवला.

यानंतर मला कामाला खरी दिशा मिळाली. निकेल सतत अंगाला लागले आणि त्यात घाम असला की काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येते, आणि आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे जातो. तेव्हा हा रुपया कातडीवर येता कामा नये, पण काढायचाही नव्हता. मी हार दोन पदरी करायचे ठरवले. आतल्या १६ इंची पदरात सहा रुपये, बाहेरच्या २० इंची पदरात नऊ, आणि त्या नवांच्या मधोमध निकेलचा, म्हणजे तो थेट साडीवर टेकेल. आतल्या पदरात संख्या सम असल्याने मध्यावर मोकळी जागा राहते आणि तिच्याखाली तो रुपया पूर्ण दिसतो. मावशींनी वाघाची बाजू पुढे घ्यायला सांगितले.

रुपया साधारण तीस मिलिमीटर रुंद असतो. नाणी एकमेकांवर चढू नयेत म्हणून दोन कड्यांमध्ये ८ मिलिमीटरचे चार लाल काचमणी घातले. प्रत्येक मण्याच्या भोकातून सुती दोरा ओढून पाहिला आणि जिथे तो अडकला तो मणी बाजूला काढला, कारण धारदार कडेचा एकच मणी सगळा हार तोडतो. मी वर्गात नेहमी सांगते की आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी उत्खननात सापडले आहेत. इतक्या ठिसूळ कवचाला भोक पाडताना त्या माणसांनी जी निगुती दाखवली असेल, ती बाजारातून तयार मणी आणणाऱ्या आपण निवडीत तरी दाखवावी.

ओवायला नायलॉनचे आवरण असलेली पोलादी तार घेतली, ०.४५ मिलिमीटरची, एकोणपन्नास बारीक तारा पिळून केलेली, कारण ती वळते पण तुटत नाही, आणि आवरणामुळे चांदीची कडीही कमी झिजते. दोन्ही टोकांना दाबमणी, म्हणजे पकडीने चेपून तार घट्ट धरणारे बारीक धातूचे मणी, आवळण्याआधी तारेत दोन-तीन मिलिमीटर सैलपणा राखला, नाहीतर हार गळ्याभोवती वळण घेत नाही, ताठ उभा राहतो. गोंद कुठेच वापरला नाही. गरम करून लावायचा गोंद आमच्या उन्हाळ्यात बंद मोटारीतसुद्धा सैल पडतो. पातळ झालेल्या कड्यांपैकी ज्या धोक्याच्या वाटल्या त्यांना सराफ बाजारातल्या सोनाराकडून चांदी चढवून घेतली. मानेच्या बाजूला साखळी न लावता दागिने रेशमात गुंफणाऱ्या पटवेकऱ्याकडून रुंद, मऊ रेशमी गोफ आणि सरकती गाठ करून घेतली, कारण २०० ग्रॅमचा भार बारीक साखळीवर आला की ती तासाभरात मानेला काचते आणि तोच भार गोफावर पसरला की जाणवत नाही.

लेकीला नाणी चकचकीत हवी होती. मी रिठ्याच्या कोमट पाण्याने फक्त मळ काढला. चिंचेने किंवा पावडरीने घासले असते तर अक्षरांच्या खाचांतला काळेपणा गेला असता, आणि त्या काळेपणामुळेच राणीचा चेहरा आणि साल दुरून वाचता येते. तयार हार खिळ्याला अडकवून त्याला एक लिटर पाण्याची बाटली रात्रभर टांगून ठेवली. सकाळी एकही गाठ सरकलेली नव्हती.

हार न्यायला मावशी आखाजीच्या आदल्या दिवशी लेकीसह आल्या. लेकीने भोकांचा विषय काढला नाही. तिने गाठ वरखाली सरकवून हार आपल्या मापाचा केला, थोडा वेळ घालून बसली आणि मान दुखत नाही एवढेच सांगितले. अत्तर आधी लावावे, हार नंतर घालावा, सुती फडक्यात ठेवावा आणि काही वर्षांनी तार बदलून घ्यावी, हे मी सांगितले. उरलेले मणीही पुडीत बांधून दिले. मावशींना आणखी एक गोष्ट हवी होती. कोणता रुपया कुठे आहे, त्यावर कोणाचा छाप आणि कोणते साल, हे सगळे त्यांनी माझ्याकडून ओळीने कागदावर लिहून घेतले, आणि बाहेरच्या पदरातल्या पाचव्या रुपयापुढे ‘१९४७, निकेल, सासूबाईंचाच’ असे लिहायला लावले. त्या कागदाची एक प्रत त्यांनी थोरल्या जावेसाठी वेगळी मागितली.