जॉर्ज इनची उरलेली एक बाजू

घोडागाड्यांच्या काळात प्रवाशांच्या मुक्कामासाठी बांधलेली, आतल्या चौकाकडे लाकडी सज्जे असलेली एकच इमारत आता लंडनमध्ये उभी आहे. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या साउथवर्कमधला ‘जॉर्ज इन’. तीही अख्खी नाही. तीन बाजूंपैकी दक्षिणेकडची तेवढी राहिली. मी कोल्हापुरात जुन्या वाड्यांच्या लाकूडकामाची दुरुस्ती करतो. त्यामुळे मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा मला पहिल्यांदा हीच जागा बघायची होती.

साउथवर्कला असे मुक्काम इतके का? १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल झाला, तोवर शहरात शिरायला थेम्सवर लंडन ब्रिज हा एकच पूल होता, आणि रात्री त्याचा दरवाजा बंद व्हायचा. उशिरा पोचलेला माणूस दक्षिण काठावरच अडकायचा. म्हणून साउथवर्कमधल्या बरो हाय स्ट्रीट या रस्त्याला लागून अशा मुक्कामांचे एकामागून एक चौक उभे राहिले. १६७६ च्या आगीत जॉर्ज जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बांधला गेला. आज दिसतो तो हाच.

गाडी रस्त्यावरून थेट चौकात यायची. घोडे सोडायचे, माल उतरवायचा, प्रवासी जिन्याने वर जायचे. दर पंधरा-वीस किलोमीटरवर घोडे बदलावे लागत, त्यामुळे गाड्यांच्या साऱ्या रस्त्यांवर अशी ठाणी होती.

मी सज्ज्याखाली बराच वेळ उभा होतो. पुढं कातीव दांड्यांचा कठडा, मागं ओळीनं खोल्यांची दारं. ती ओळ आता सरळ राहिलेली नाही, लाकूड शतकानुशतकं वजन पेलून दबलंय. आपल्या वाड्यातही माडीपुढं असाच कठडा असतो, पण आपल्याकडच्या धर्मशाळेचा आराखडा वेगळा. ती कुणीतरी पुण्यासाठी बांधलेली. आलेल्यानं पथारी टाकावी, तीन दगड मांडून चूल पेटवावी, सकाळी निघावं. म्हणून चौकाभोवती उघड्या ओवऱ्या पुरत. इन हा धंदा. तिथं खाटेचे पैसे, जेवणाचे पैसे, घोड्याच्या चाऱ्याचेही पैसे. प्रत्येक गिऱ्हाइकाला कडी लावता येईल अशी खोली द्यायची आणि तिथवर जायला वाट द्यायची. ती वाट म्हणजे हा सज्जा. पैशाचा व्यवहार बदलला की इमारत किती बदलते, ते मला तिथं पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

आत भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे. १७९७ मध्ये इंग्लंडात घड्याळांवर कर बसला. मग, असं सांगतात, लोक खिशातलं घड्याळ टाळून अशा सार्वजनिक घड्याळांवर वेळ बघू लागले. कर वर्षभरात मागं घेतला, पण भिंतीवरची घड्याळं राहिली.

मग आगगाडी आली आणि घोडागाड्या संपल्या. जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या ताब्यात गेला, मालाचा डेपो झाला, आणि १८८९ मध्ये त्याच रेल्वेनं दोन बाजू पाडल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, आपल्या कोल्हापूरला मिरजेहून पहिली गाडी आली. उरलेली बाजू १९३७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. आजही तिथं लोक बसून जेवतात.

इथंच मला आपल्याकडच्या लोकांशी वाद घालावासा वाटतो. शुक्रवार पेठ असो की मंगळवार पेठ, वाड्याची एक बाजू पडली की घरमालक म्हणतात, आता उरलंय काय, सगळंच काढा. मी पटाशी घेऊन बघतो तेव्हा बहुतेक वेळा कुजलेलं असतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, नाहीतर खांबाचा पाय. मधलं सागवान ठणठणीत. तेवढं टोक कापून नवं लाकूड जोडलं आणि खांबाखालचा दगडी तळखडा नीट बसवला की दोन खांबांमधला तो खण पुन्हा उभा राहतो. दोन तृतीयांश गमावलेली इमारत तिकडं पहिल्या दर्जाचा वारसा म्हणून नोंदवली आहे, आणि आपण एका कुजलेल्या टोकासाठी अख्खा ओसरी-सोपा खाली घेतो!

तुमच्या पेठेत पडझड झालेला वाडा किंवा धर्मशाळा असेल तर पाडायच्या आधी मला कळवा. किमान एका खणाची मापं घेऊ, खांबाच्या पायाचे आणि माथ्याशी तुळईला आधार देणाऱ्या हस्तांचे फोटो काढू, आणि दुरुस्तीचा खर्च किती येईल ते मालकासमोर मांडू.