तुम्ही विचारलंत म्हणून: अग्नीचा पुजारी आणि चिलखत घातलेला जादूगार

होमब्रू कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची स्वतः रचलेली लांबलचक कथा, चालवते म्हटल्यावर मला हमखास एक प्रश्न येतो: पंचमहाभूतांचे पुजारी खेळात आणले, तर ते जादूगारांपेक्षा वेगळे कसे वाटतील? विचारणारे बहुधा नवे गेम मास्टर, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारे, असतात. त्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातला क्लेरिक, म्हणजे देवाच्या जोरावर जादू करणारा पुजारी, घेतलेला असतो, त्याचा देव उठवून तिथे आग किंवा पाणी बसवलेलं असतं, स्पेलच्या, म्हणजे मंत्रांच्या, यादीतून त्या-त्या रंगाचे स्पेल वेचलेले असतात. आणि दोन-चार सेशन झाल्यावर टेबलावरचं कुणीतरी म्हणतं, हा तर विझार्डच आहे की, फक्त चिलखत घातलेला.

माझं उत्तर असं, की जादूगाराकडे नुसती शक्ती असते. पुजाऱ्याकडे शक्तीबरोबर यजमान असतात आणि डोक्यावर देणंही असतं. त्याच्याकडे लोक काय मागायला येतात आणि त्याचं तत्त्व त्याच्याकडून काय वसूल करतं, एवढं आधी ठरवा. स्पेलची यादी शेवटी करा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

यादीपासून सुरुवात केली की पहिला घोळ होतो डॅमेजचा, म्हणजे शत्रूला होणाऱ्या इजेचा. क्लेरिकच्या स्पेलमध्ये रेडियंट, म्हणजे दैवी तेजाचं, डॅमेज भरपूर, आणि त्याला रेझिस्टन्स असलेले, म्हणजे ते अर्ध्यावर आणणारे, राक्षस अगदी थोडे. अग्नीच्या पुजाऱ्यासाठी तुम्ही सगळीकडे रेडियंट खोडून फायर लिहिलंत, की कागदावर काही बिघडलेलं दिसत नाही. पण आगीचा रेझिस्टन्स किंवा इम्युनिटी (काहीच इजा न होणं) ढीगभर राक्षसांना आहे. डेव्हिल आगीला दाद देत नाहीत, डीमन अर्धं डॅमेज गिळतात. म्हणजे ज्या पाताळातल्या प्राण्यांसमोर पुजाऱ्याचा कस लागायचा, तिथेच बिचारा हात चोळत उभा. यावर तोडगा नियमांतच पडलेला आहे. फ्लेम स्ट्राइक हा क्लेरिकचा पाचव्या लेव्हलचा स्पेल अर्धं डॅमेज आगीचं आणि अर्धं रेडियंट देतो. मी हीच वाटणी अग्नीच्या पुजाऱ्याच्या बाकीच्या स्पेलनाही लावते. वाऱ्याला थंडर (गडगडाटाचा मार) देते, त्याला रेझिस्टन्स कमी आहे. पाण्याला कोल्ड (गारठा), मातीला ब्लजनिंग (बोथट मार). एवढं केलं की डॅमेजचा विषय संपला. त्यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

खरी मजा लढाईबाहेर आहे.

बहुतेक खेळांत तत्त्वं चारच असतात. ती ग्रीक परंपरेतली, एम्पेडोक्लीसपासून चालत आलेली. आपल्याला पाच माहीत आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक फार कामाची गोष्टही माहीत आहे जी गेम मास्टर लोक सहसा वापरत नाहीत. सांख्य-वेदान्ताच्या मांडणीत तत्त्वांना गुण चढत्या क्रमाने येतात. आकाशाला फक्त शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. तेजाला त्यावर रूप, आपाला रस, आणि पृथ्वीला गंधासकट पाचही. हे वाचताना माझ्या डोक्यात एकच आलं: ही तर आयती क्लास फीचरची, म्हणजे पात्राच्या पेशाला मिळणाऱ्या खास क्षमतांची, यादी आहे!

माझ्या कॅम्पेनमध्ये प्रत्येक पुजारी आपल्या तत्त्वाला दिवसातून एकदा एक प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तर त्या तत्त्वाच्या खास गुणातूनच मिळतं. मातीची पुजारीण चिमूटभर माती नाकाशी नेते आणि इथून कोण गेलं ते तिला वासावरून कळतं: घोडे, ओलं लोकर, रक्त. पाण्याचा पुजारी एक घोट घेतो आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते चवीवर सांगतो. अग्नीचा पुजारी जिवंत ज्योतीत बघतो. त्या ज्योतीच्या उजेडात आजवर जे घडलं तेवढंच त्याला दिसतं. खोलीतला दिवा खुनाच्या वेळी विझलेला असेल, तर दिसणार काहीच नाही. (माझ्या टेबलावरचे खलनायक आता आधी दिवा विझवतात. खेळाडूंनी त्यांना शिकवलं असं म्हणायला हवं.) वाऱ्याच्या पुजाऱ्याला फक्त अंगावर जाणवतं: किती जण, कुठल्या दिशेने, घाईत की सावकाश. चेहरे नाहीत, नावं नाहीत.

आता बघा, चार पुजारी एका रिकाम्या छावणीत उभे केले, तर चौघं चार वेगळ्या गोष्टी शोधून काढतील. एकालाही स्पेल टाकावा लागणार नाही. आणि गावातले लोक त्यांच्याकडे का येतात, हेही आपोआप ठरतं. हरवलेल्या जनावरासाठी मातीकडे, विहिरीच्या भांडणासाठी पाण्याकडे, साक्षीसाठी अग्नीकडे.

देण्याची बाजू मी पाण्यावरून समजावते. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर हा पहिल्या लेव्हलचा स्पेल. त्यातून 10 गॅलन, म्हणजे साधारण 38 लिटर स्वच्छ पाणी मिळतं. 2014 च्या नियमांत माणसाला दिवसाला 1 गॅलन लागतं, उन्हाळ्यात 2. म्हणजे एका स्पेलमध्ये पाच जणांची तहान कडक उन्हातही भागली. तुम्ही महिनाभर खपून वाळवंट रचा, पहिल्या लेव्हलचा पोरगा ते एका मिनिटात निकालात काढतो. काही गेम मास्टर हा स्पेलच बंद करतात. मला ते पटत नाही. पाण्याच्या पुजाऱ्याला पाणी आणता येत नसेल तर त्याने करायचं तरी काय?

माझ्याकडे तो पाणी निर्माण करत नाही, बोलावतो. ते जवळात जवळच्या साठ्यातून येतं, आणि तिथे तेवढंच कमी होतं. एका गटाने सहा दिवस असंच निवांत पाणी पीत माळ ओलांडला. पुढच्या गावात शिरले तर विहिरीवर घागरी रांगेने रिकाम्या, तळाला नुसता चिखल, आणि म्हातारा पाणक्या त्यांच्या पुजाऱ्याला हात जोडून म्हणतोय, महाराज, आमचं पाणी सहा दिवसांपासून रोज थोडं थोडं पळतंय, जरा बघता का? खेळाडूंनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढे काहीच बोलले नाही, गरजही नव्हती. त्या गावात त्यांनी दोन सेशन काढले.

अग्नीचं देणं वेगळं. अग्नीच्या पुजाऱ्याने पेटवलेली कुठलीही आग त्याची जबाबदारी असते. सोडून जायचं तर नीट विझवून जायचं, आणि एक निखारा सतत जवळ जिवंत ठेवायचा. निखारा गेला तर तो पुन्हा मिळेपर्यंत दुसऱ्या लेव्हलच्या वरचे स्पेल बंद. एका खेळाडूने पाठीवर राख भरलेलं मातीचं मडकं घेतलं, त्यात निखारा पुरला, आणि कॅरेक्टर शीटवर त्या मडक्याला नाव दिलं. पावसात, नदी ओलांडताना, कैद होताना सगळी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, आधी मडकं सांभाळते. हे मी नियम लिहून घडवू शकले नसते. फायरबॉल या आगीच्या स्फोटाच्या स्पेलबद्दलही बरेच जण विचारतात. लाइट डोमेनला, म्हणजे क्लेरिकच्या प्रकाशाच्या शाखेला, तो मिळतोच, मीही देते. पण फायरबॉलने आसपासच्या कुणाच्या हातात नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात, हे नियमांतच आहे, आणि त्या सगळ्या आगी आता कुणाच्या जबाबदारीच्या, ते वर सांगितलंच.

उपचार मात्र सगळ्यांना द्या. पार्टीत पुजारी असून कुणी बरं करणारा नाही, हे खेळाडू सहन करत नाहीत. फक्त रीत वेगळी ठेवा. अग्नी जखम डागतो, हिट पॉइंट्स (पात्राच्या जिवाचे गुण) तेवढेच मिळतात पण व्रण राहतो, आणि भाजलेल्यावर तो चालत नाही. हीलिंग वर्ड हा उपचाराचा स्पेल लांबून, बोलून होतो, म्हणून तो वाऱ्याचा. माती बरं करते ती जमिनीला अंग टेकलेल्यालाच, त्यामुळे जहाजावर तिचे हाल.

देव नसलेल्या जगात तत्त्वांचेच पुजारी ही कल्पना नवी नाही. 1991 साली आलेल्या डार्क सन या वाळवंटी जगात हेच होतं. तिथल्या पुजाऱ्याला आपल्या तत्त्वाच्या स्पेलवर पूर्ण हक्क असायचा, बाकीच्या सामायिक यादीत फक्त तिसऱ्या लेव्हलपर्यंत मजल. हा नियम मी जसाच्या तसा उचललाय. पुजारी त्याच्या तत्त्वात खोल जातो, बाकी ठिकाणी उथळ राहतो, आणि खेळाडूला पटकन समजतं.

आकाश मी खेळाडूंना देत नाही. त्याचा गुण शब्द, म्हणजे त्याचा पुजारी एखाद्या जागी बोललं गेलेलं ऐकणार. असा माणूस पार्टीत असला की कुठलंही कारस्थान अर्ध्या तासात उघडं. त्याला मौनाचं व्रत द्यावं असं सुचवणारे भेटतात, पण टेबलावर चार तास गप्प बसायला कोण येतं? म्हणून आकाशाचे पुजारी माझ्याकडे एनपीसी, म्हणजे गेम मास्टरने चालवलेली पात्रं, आहेत, दूर राहतात, आणि ऐकलेलं सांगण्याची किंमत म्हणून तुमचं एक गुपित मोठ्याने बोलून घेतात. ते तिथे कायमचं राहतं. पुढे येणारा कुणीही पुजारी ते ऐकू शकतो.

आग आणि पाणी एकाच पार्टीत चालतील का, हे विचारणारेही बरेच. चालतील, पण त्यांचं वैर आधीपासून लिहून ठेवू नका. खेळाडू ते दोन सेशन उत्साहाने भांडतात आणि मग कंटाळतात. त्याऐवजी दोघांना एकमेकांची गरज पडेल असा एकच नियम ठेवा. माझा असा आहे: पेटलेली आग पाण्याच्या पुजाऱ्याने विझवली, तर तिचं देणं अग्नीच्या पुजाऱ्यावरून उतरतं आणि पाण्याच्या पुजाऱ्यावर चढतं. मग एखादं धान्याचं कोठार पेटलेलं असताना, शत्रू दारात असताना, ते दोघं सौदा करत बसतात.