त्र्याहत्तराव्या कॉलममधला पाच

ओतलेला लोखंडी भाग साच्यात थंड व्हायला किती वेळ लागेल, ते काढणारा, फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला एक जुना प्रोग्राम बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीकडून माझ्याकडे आला. तो फिक्स्ड फॉर्म या जुन्या, ठरावीक कॉलमांच्या मांडणीतून फ्री फॉर्म या मोकळ्या मांडणीत आणायचा होता. फाइल्स बऱ्याच, म्हणून रूपांतरासाठी छोटा पार्सरच, म्हणजे विधानांची रचना ओळखणारा प्रोग्राम, लिहायला घेतला.

फिक्स्ड फॉर्मची ओळ भोकं पाडलेल्या पंचकार्डावर बेतलेली. पहिले ५ कॉलम लेबलचे, ६व्यात खूण असली तर मागचीच ओळ पुढे चालू, ७ ते ७२ मजकूर. ७३ ते ८० कार्डांच्या क्रमांकांसाठी; कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा, तिकडे बघत नाही. हे सोपं गेलं. अडलो ते मोकळ्या जागेपाशी, कारण इथे तिला अर्थच नाही. 'डू १० आय = १, १०' हा लूप, म्हणजे तेच काम दहा वेळा. पण स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, तर 'डू१०आय' नावाच्या चलाला १.१० ही किंमत मिळते! माझा लेक्सर, म्हणजे पार्सरसाठी शब्द पाडणारा भाग, डावीकडून शब्द तोडत निघायचा आणि हमखास चुकायचा.

खानापूरच्या घरी जमिनीचे मोडीतले कागद आहेत. मोडीत आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली सलग अक्षरं. मला ते शिकवताना आजोबा म्हणायचे, "आधी सगळी ओळ नजरेखालनं घाल बाळा, मग तोड."

तसंच केलं. चालू ओळी जोडून आधी अख्खं विधान गोळा केलं, अवतरणातल्या जागा राखून बाकीच्या गाळल्या. मग कंसाबाहेर बरोबरचं चिन्ह आणि त्यानंतर कंसाबाहेरच स्वल्पविराम दिसला, तरच डू. फ्री फॉर्म फोर्ट्रान ९० पासूनचा. त्यात जागेला अर्थ आहे आणि ओळ पुढे न्यायला शेवटी अँपरसँड लागतो. त्याच्या ओळी वाचणारा भाग वेगळा लिहिला, पुढचा पार्सर दोन्हींना एकच.

७२च्या पुढे गाळलेला मजकूर मी छापून बघत होतो. सगळीकडे क्रमांक, एका ओळीत नुसता ५. ती ओळ १.२ वर संपत होती. फाउंड्रीतल्या काकांना फोन केला. त्यांनी वही काढली: गुणक १.२५.

"तरीच," ते म्हणाले. "चार तास निघाले की आम्ही वर दहा मिनिटं हातानं धरत होतो."